उपरणं बदलण्याआधी राजीनामा

प्रति,
महाराष्ट्रातल्या सर्व राजकीय पक्षांचे सन्माननीय प्रदेशाध्यक्ष यांस,
लासूर स्टेशन, ता. गंगापूर, जि. छत्रपती संभाजीनगर येथील एका मतदाराचं पत्र.

तुम्हा प्रत्येकाला वेगळं पत्र लिहायचा विचार होता. पण पाकिटावर नावाखाली लिहिलेला पक्ष टपाल पोचेपर्यंत टिकेल याची हल्ली खात्री देता येत नाही. म्हणून सगळ्यांना मिळून हे एकच.

निकाल विरोधात गेला की तुमच्या चिंतन बैठका होतात. बैठकीतून बाहेर येऊन तुम्ही सांगता, आमचा पारंपरिक मतदार आमच्यापासून दुरावला. तो का दुरावला, कुणी फितवला, पैशाला भुलला की जातीला, यावर मग चॅनेलवर आठवडाभर दळण चालतं. आता त्यात अमेरिकेचीही भर पडली आहे. तिकडे म्हणे पिढ्यान् पिढ्यांचे डेमोक्रॅट रिपब्लिकन झाले, कामगार इकडचे तिकडे गेले. जगभरच मतदाराची निष्ठा पातळ झाली आहे, मग आपल्याकडे वेगळं काय होणार?

मला हे पटत नाही. अमेरिकेत फिरला तो मतदार. आपल्याकडे फिरलात ते तुम्ही, आणि आळ मात्र आमच्यावर घेता.

आधी अमेरिकेचंच बघू. टेक्सास राज्यात मेक्सिकोच्या सीमेला लागून स्टार नावाची काउंटी आहे. लोकवस्ती जवळजवळ सगळी मेक्सिकन वंशाची. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत १८९२ नंतर तिथे रिपब्लिकन उमेदवाराला कधी आघाडी मिळाली नव्हती. २०१२ मध्ये ओबामांना शंभरातली ८६ मतं पडली होती. २०२४ मध्ये तीच काउंटी ट्रम्प यांच्या बाजूने गेली. उत्तरेकडच्या मिशिगनमध्ये, डेट्रॉईटला लागून मोटार कारखान्यांतल्या कामगारांची मॅकोम्ब काउंटी आहे. १९६० मध्ये तिथल्या साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी डेमोक्रॅट केनेडींना मत दिलं आणि १९८४ मध्ये जवळपास दोन तृतीयांश लोकांनी रिपब्लिकन रेगन यांना. ओबामांनी ती दोनदा जिंकली, ट्रम्प यांनी तीनदा.

हे एका रात्रीत झालेलं नाही. दक्षिणेकडच्या गोऱ्या मतदाराला डेमोक्रॅटिक पक्ष सोडायला १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर तीसेक वर्षं लागली. कारखाने बंद पडत गेले, पोरं गाव सोडून गेली, महागाई वाढली, आणि मग एक एक घर हललं. पक्ष आपापल्या जागी उभे होते. रिपब्लिकनांचा हत्ती हत्तीच राहिला, डेमोक्रॅटांचं गाढव गाढवच राहिलं. मतदार एकाकडून उठून दुसऱ्याकडे गेला, तेही स्वतःच्या पायाने. त्याला तो हक्कच आहे.

माझा भाचा मिशिगनमध्ये नोकरीला आहे. त्याला तिथे मत नाही, इथल्या यादीतूनही त्याचं नाव गेलेलं, त्यामुळे तो दोन्ही देशांच्या राजकारणावर मोकळेपणाने बोलतो. त्याने सांगितलेली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिथे पक्षाचं तिकीट बहुतेक वेळा मतदारच देतो. आधी पक्षांतर्गत मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले आपले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाकडून इच्छुक होते. मतदारांनी ग्रेचेन व्हिटमर यांना पसंती दिली, ठाणेदार तिसरे आले. त्यांना कुणा नेत्याच्या बंगल्याबाहेर ताटकळावं लागलं नाही. लोकांनी नाही म्हटलं, विषय संपला. २०२२ मध्ये डेट्रॉईटच्या जागेसाठी पुन्हा लोकांपुढे गेले, तेव्हा प्रायमरीत निवडले गेले आणि पुढे संसदेत पोचले. आपल्याकडे पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म कुणाच्या खिशात आहे हे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत उमेदवारालाही ठाऊक नसतं. मतदाराचं तर सोडाच.

आता आमच्याकडे या. मनमाडहून गाडी निघाली की रोटेगाव, परसोडा, करंजगाव आणि मग लासूर. जुनं लासूर गाव शिवना नदीकाठी, दाक्षायणी देवीचं. आमचं हे स्टेशन म्हणजे निजामाच्या काळात रेल्वे आली तेव्हापासून तिच्याभोवती वाढलेली बाजारपेठ. राजकारण कळायचं असेल तर इथल्या बाजार समितीत या, कांद्याच्या लिलावाच्या वेळी. ट्रॅक्टर रांगेने लागलेले असतात. व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेतो, पत्ती बघतो, दाबून बघतो. बोली होते आणि मिनिटभरात एका कुटुंबाच्या चार महिन्यांचा निकाल लागतो. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढलेली असेल तर तिचा भाव वेगळा, निम्म्याने कमी. मग काटा, हमाली, तोलाई कापून हातात हिशोबपट्टी येते. ती पट्टी खिशात घालून माणूस चहाच्या टपरीवर बसतो आणि तिथे जे बोलतो ते कुठल्याही सर्वेक्षणात येत नाही.

८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ती उठली ४ मे २०२४ ला. आमचं लोकसभेचं मतदान १३ मे रोजी होतं. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवायचा की पडत्या भावाने विकून मोकळं व्हायचं, या पेचात ज्याने ते महिने काढले त्याला तुम्ही पारंपरिक मतदार म्हणून गृहीत धरता? त्यात अंतरवाली सराटीला सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झालेला. आमच्या जिल्ह्यातले सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण हे विधानसभा मतदारसंघ जालना लोकसभेत मोडतात. तिथे १९९९ पासून सलग पाच वेळा निवडून आलेले रावसाहेब दानवे पडले, काँग्रेसचे कल्याण काळे लाखावर मतांनी आले. पुढे सहा महिने गेले. लाडकी बहीण योजनेचे हप्ते बायकांच्या खात्यात पडू लागले, उमेदवार बदलले, प्रश्न बदलला. २० नोव्हेंबरला त्याच सिल्लोड, फुलंब्री, पैठणने महायुतीचे तिन्ही आमदार निवडून दिले. सिल्लोडला अडीच हजारांच्या आतबाहेर, पण दिले.

याला तुम्ही चंचलपणा म्हणता. मग नांदेड बघा. वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे तिथे लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच झाली. एकच दिवस, एकच केंद्र, दोन यंत्रं. लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले आणि त्याच लोकसभा मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीने घेतल्या. एका यंत्रावर एक बटण आणि हातभर अंतरावरच्या दुसऱ्या यंत्रावर वेगळं बटण दाबणारा माणूस गोंधळलेला नसतो. दिल्लीला कोण पाहिजे आणि मुंबईला कोण, याचा त्याचा हिशोब वेगवेगळा असतो.

निष्ठाही आमच्याकडे कमी नव्हती, कमी नाही. आमच्याच लोकसभा मतदारसंघाने १९७७ मध्ये बापू काळदातेंना लोकसभेत पाठवलं आणि १९८० मध्ये काझी सलीम यांना. १९८९ मध्ये मोरेश्वर सावे आले आणि तेव्हापासून इथलं राजकारण शिवसेनेच्या धनुष्यबाणाभोवती फिरत राहिलं. 'खान की बाण' हा प्रचार मला व्यक्तिशः कधी आवडला नाही, पण बाणाला मत द्यायचं म्हणजे द्यायचं, असं घराण्याचं व्रत असल्यासारखं पाळणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी चंद्रकांत खैरेंना १९९९ पासून चार वेळा लोकसभेत पाठवलं. २०१९ मध्ये अपक्ष हर्षवर्धन जाधवांच्या ट्रॅक्टर चिन्हाला २ लाख ८३ हजारांवर मतं गेली, एमआयएमचे इम्तियाज जलील खैरेंना ४,४९२ मतांनी हरवून निवडून आले, तेव्हा म्हाताऱ्या शिवसैनिकांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

आणि त्यांच्या निष्ठेचं तुम्ही काय केलंत? २०१९ मध्ये जिल्ह्याने शिवसेनेचे सहा आमदार दिले होते. जून २०२२ मध्ये त्यातले पाच एकनाथ शिंदेंबरोबर गेले: पैठणचे संदीपान भुमरे, सिल्लोडचे अब्दुल सत्तार, शहरातल्या पश्चिम मतदारसंघाचे संजय शिरसाट, मध्यचे प्रदीप जैस्वाल आणि वैजापूरचे रमेश बोरनारे. कन्नडचे उदयसिंह राजपूत तेवढे मागे राहिले. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने नाव आणि चिन्ह शिंदेंना दिलं. आता सांगा, ज्याने आयुष्यभर बाणाला मत दिलं तो बाणाबरोबर गेला तर गद्दार, आणि ठाकऱ्यांबरोबर राहून मशालीला मत दिलं तर त्याने चिन्ह सोडलं. एकाच ओट्यावर बसणारे दोघे भाऊ, दोघेही जागचे हलले नाहीत, आणि तरी दोघेही पक्ष बदललेले ठरले. असं अमेरिकेत कुठल्या काउंटीत झालेलं मला तरी माहीत नाही.

राष्ट्रवादीच्या घड्याळाचंही तेच. ६ फेब्रुवारी २०२४ ला ते अजितदादांकडे गेलं आणि शरद पवारांच्या उमेदवारांना तुतारी वाजवणारा माणूस मिळाला. आमच्या गंगापूर मतदारसंघात २०२४ ची विधानसभा या माणसावर लढवली सतीश चव्हाणांनी. ते मराठवाडा पदवीधरचे आमदार, २०२० मध्ये एकसंध राष्ट्रवादीकडून निवडून आलेले. पक्ष फुटल्यावर अजितदादांकडे गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये महायुती सरकारवर टीका करणारं पत्र त्यांनी काढलं, पक्षाने सहा वर्षांसाठी निलंबित केलं, मग शरद पवारांच्या पक्षाचं तिकीट घेऊन ते आमच्या दारात आले. समोर भाजपचे प्रशांत बंब, आमच्या स्टेशनचेच. २००९ मध्ये अपक्ष निवडून आले होते, २०१४ पासून कमळावर लढतात. लढत अशी झाली की बंब जेमतेम पाच हजारांच्या आसपास मतांनी तरले. चव्हाणांच्या मागे सव्वा लाखाच्या जवळपास मतं उभी राहिली. निवडणूक संपली, सहा वर्षांचं निलंबन मागे घेतलं गेलं आणि चव्हाण पुन्हा अजितदादांच्या पक्षात. ज्यांनी महायुती नको म्हणून तुतारीचं बटण दाबलं त्या सव्वा लाखांना कुणी विचारलं नाही. मी त्यांच्यात होतो की नव्हतो हे सांगणार नाही, मतदान गुप्त असतं. पण त्या आठवड्यात टपरीवर दोन्ही बाजूंचे लोक सारखेच ओशाळलेले होते.

तुमच्या या उड्यांचा हिशोब सगळ्यात नीट कुणाकडे असेल तर फ्लेक्सवाल्याकडे. गावातल्या एका दुकानात मी बसलो होतो. त्याच्या कॉम्प्युटरवर नेत्यांचा एक फोल्डर आहे. हात जोडलेले, बोट वर केलेले, चष्म्यासह, चष्म्याशिवाय, पार्श्वभूमी कापून तयार ठेवलेले फोटो. जिल्हा परिषद गटातला एखादा इच्छुक पक्ष बदलतो तेव्हा मजकूर तोच राहतो: 'विकासपुरुष', 'जनसेवक', 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. बदलायची असते ती वरची पट्टी, म्हणजे छोट्या गोलांतले वरिष्ठांचे चेहरे, आणि मागचा रंग. गळ्यातलं उपरणंही तो कॉम्प्युटरवरच रंगवून देतो. मी विचारलं, किती वेळ लागतो? म्हणाला, काका, दहा मिनिटं; पण आधीचे चेहरे डिलीट करत नाही, परत लागतात.

कायदा नाही असं नाही. आयाराम-गयारामांना वैतागून १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती झाली, दहावं परिशिष्ट आलं. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं. २००३ मध्ये ती पळवाट बुजवली आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची ठेवली. म्हणजे किरकोळीत पक्ष सोडला तर गुन्हा, घाऊक सोडला तर माफ. २०२२ च्या अपात्रतेच्या याचिकांवर विधानसभा अध्यक्षांचा निकाल लागला १० जानेवारी २०२४ ला. तो लावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. शिवसेना कुणाची हे अध्यक्षांनी ठरवलं आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र झाला नाही. दीड वर्ष वाट पाहून हाती आलं ते एवढं.

म्हणून कायद्याची वाट बघू नका, असं सांगायला हे पत्र. मार्ग साधा आहे आणि तो चाललेल्यांची उदाहरणं आहेत. अमेरिकेत टेक्सासचे फिल ग्रॅम नावाचे डेमोक्रॅट खासदार होते. रेगन यांच्या अर्थसंकल्पाला त्यांनी साथ दिली म्हणून त्यांच्या पक्षाने त्यांना समितीवरून काढलं. जानेवारी १९८३ मध्ये त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला, रिपब्लिकन म्हणून त्याच जागेवर पोटनिवडणूक लढवली आणि पुढच्याच महिन्यात, १२ फेब्रुवारीला, निवडून आले. त्यांना राजीनामा द्यायला कुठलाही कायदा भाग पाडत नव्हता. तिकडे सगळेच असं करतात असंही नाही, पण ज्याने केलं त्याला लोकांनी मान दिला, पुढे सिनेटवर पाठवलं.

आपल्याकडे उदयनराजे भोसले. मे २०१९ मध्ये राष्ट्रवादीकडून साताऱ्याचे खासदार झाले, सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले, ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणुकीला उभे राहिले. शरद पवारांची ती पावसातली सभा याच निवडणुकीतली. राजे श्रीनिवास पाटलांकडून ८७ हजारांवर मतांनी पडले. २०२४ मध्ये त्याच सातारकरांनी त्यांनाच कमळावर निवडून दिलं. मधे त्यांना राज्यसभा मिळाली ही वेगळी गोष्ट, पण सातारकरांचा 'नाही' आणि सातारकरांचा 'हो' दोन्ही नीट नोंदले गेले. आणि त्या पोटनिवडणुकीचा वेगळा खर्चही फारसा पडला नाही, विधानसभेच्या मतदानाबरोबर तीही उरकली.

तुम्हाला भीती वाटत असेल की राजीनामा दिला तर पडू. तशी भीती बाळगायचं कारण नाही. २०१९ मध्ये कर्नाटकातल्या काँग्रेस आणि जनता दलाच्या आमदारांनी राजीनामे दिले, अध्यक्षांनी त्यांना अपात्र ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लढायची मुभा दिली. डिसेंबरमध्ये १५ जागांवर मतदान झालं आणि १२ भाजपने जिंकल्या. आपल्या सीमेवरच्या अथणी, कागवाड, गोकाकमध्ये पक्ष बदललेले तिघेही आले, हुणसूरला एच. विश्वनाथ आणि होसकोटेला एम. टी. बी. नागराज पडले. त्या राजीनाम्यांमागे सरकार पाडायचा डाव होता, त्याचं मी कौतुक करत नाही. पण लोकांना विचारलं तर लोक माणूस पाहून उत्तर देतात, सरसकट शिक्षा करत नाहीत, हे त्यातून दिसतं.

यावर तुमचं हुकमी उत्तर मला माहीत आहे. शिंदेंबरोबर गेलेल्या पाचांपैकी चौघे २०२४ मध्ये पुन्हा आमदार झाले. भुमरे स्वतः लोकसभेवर गेले आणि पैठणला त्यांचे चिरंजीव विलास भुमरे निवडून आले. मग जनतेने कौल दिलाच की! दिला, मान्य. पण कधी दिला? सत्तांतराला अडीच वर्षं होत आल्यावर, चिन्ह हातात, मंत्रिपदं भोगून झालेली, निधीची कामं झालेली, समोर नवीन चिन्ह घेऊन धडपडणारा उमेदवार. जुलै २०२२ मध्ये विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही माहीत नाही. तो प्रश्न विचारलाच गेला नाही, माझी तक्रार तेवढीच आहे. कदाचित पाचही जण निवडून आले असते. मग आज त्यांना कुणी बोट दाखवू शकलं नसतं.

आता मागणी. तुमचा माणूस दुसरीकडे पळाला तर तुम्ही त्याला धरून ठेवू शकत नाही, हे समजतं. पण दुसऱ्याचा माणूस तुमच्या दारात आला तर त्याला आत घ्यायचं की नाही, हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. मुंबईत मोठ्या नेत्याच्या हस्ते 'असंख्य कार्यकर्त्यांसह जाहीर प्रवेश' होतो, तेव्हा त्याच्या गळ्यात उपरणं तुम्हीच घालता. ते घालण्याआधी एवढंच विचारा: ज्या चिन्हावर निवडून आलास त्या जागेचा राजीनामा दिलास का? नसेल दिला तर आधी देऊन ये, लोकांपुढे जा, आम्ही तिकीट देऊ. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर होत नाही, ती सोडा. पण पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, विधानसभा आणि लोकसभा या सगळ्यांना हा नियम लावा. त्याला घटनादुरुस्ती नको, आयोग नको, अध्यक्षांचा निकाल नको. तुमच्या पक्षाच्या घटनेत एक ओळ पुरे.

पुढच्या जाहीरनाम्यात ही ओळ जो पक्ष पहिल्यांदा छापेल आणि पाळेल, त्याला माझ्या घरातली पाच मतं. चिन्ह कुठलं का असेना. बाकीच्यांनी कृपया आमच्याकडे निष्ठा मागायला येऊ नये, कांद्याचा भाव सांगायला जरूर यावं.



आपला,
एक मतदार
लासूर स्टेशन